माझ्या वाट्याचं दूध

बाळाला दफनभूमीत ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला दूध उतरलं. जाग आली तर ब्लाऊज भिजून अंगाला चिकटलेला. आधी वाटलं घामच आहे. मग कळलं, आणि मी अशी काही ओरडले की खालचे घरमालक जिना चढून वर आले. त्यांना वाटलं गॅस भडकला. आई त्यांना दारातूनच "काही नाही, काही नाही" म्हणत परत पाठवत होती आणि मी आत भिंतीला टेकून देवाला शिव्या देत होते. होय, शिव्याच. शिवाजी पेठेत वाढलेय मी, मला त्या काही कमी येत नाहीत.

मुलगा होता. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून आलेला. अंगानं भरलेला, डोक्यावर एवढं दाट जावळ की सिस्टर हसून म्हणाली, ह्याला आत्ताच न्हाव्याकडं न्या. पण आत हृदयाची घडण नीट नव्हती. त्याच दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात काचेच्या पेटीत त्याला ठेवलं, नळ्या लावल्या आणि पुढची सकाळ काही त्यानं बघितली नाही. मी त्याला छातीशी धरलं ते तो गेल्यावर. नवरा त्याची छोटी शवपेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसला. रिक्षावाल्यानं विचारलं, "पावणं, काय सामान हाय?" खड्डे आले की नवरा दोन्ही हातांनी पेटी उचलून धरायचा, एवढंच मला आठवतं.

डॉक्टरांनी दूध आटायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आईनं मंडईतून कोबी आणला, त्याची गार पानं छातीवर ठेवून वरून जुन्या साडीची पट्टी आवळून बांधली. दिवसातून चार वेळा विचारायची, "गोळी घेतलीस का?" मी हो म्हणायचे आणि घ्यायचे नाही. छाती दगडासारखी झाली होती, हात वर करता येत नव्हता, ताप भरत होता. तरी घ्यायचे नाही. त्याचे कपडे आईनं कुणाला तरी देऊन टाकले होते, पाळणा दुकानात परत गेला होता. त्याच्यासाठी आलेली एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ राहिली होती. ती गोळीनं कशी घालवू? मोरीत बसून पिळून टाकायचे आणि वर पाणी ओतायला हात धजायचा नाही. नुसती बघत बसायचे, ती पांढरी रेघ जाळीपर्यंत कशी जाते ते.

रविवारी मी चर्चला गेले. आई म्हणत होती, ओली बाळंतीण आहेस, घरी पड. मी गेले ते भक्तीनं नाही, रागानं गेले. ज्याच्याशी भांडायचंय त्याच्या दारात जाऊनच भांडावं, एवढाच विचार. मंडळी चांगली आहे आमची. बायका हात धरून रडल्या. कुणी म्हणालं, देवाला चांगली फुलं आवडतात. मी म्हटलं, मग त्यानं बाग लावावी की स्वतःची. ती बाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशीचा शास्त्रपाठ आधीच ठरलेला. कुणाचा दोष नव्हता, वर्षाच्या वाचनांच्या तक्त्यात तो त्या रविवारी होता. धनी परगावी जाताना चाकरांच्या हाती आपली ठेव सोपवून जातो, तो दृष्टांत. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. दोघं चाकर ती ठेव वाढवतात, तिसरा घाबरून जमिनीत खड्डा खणतो आणि पुरून ठेवतो, आणि धनी परत आल्यावर त्याला आळशी म्हणून भडकतो. पाळकसाहेब शांतपणे समजावत होते. देवानं प्रत्येकाला काहीतरी दिलंय. कुणाला गळा, कुणाला हाताची कला, कुणाला नुसतं ऐकून घ्यायची ताकद. ते आपलं नव्हे, ते दुसऱ्यांसाठी आपल्याजवळ ठेवलेलं आहे. ते जमिनीत पुरू नका.

पुरू नका, हे शब्द ऐकले आणि मी उठले. नवऱ्यानं पदर धरला तो सोडवला. बाकांमधून चालत बाहेर आले आणि आवारातल्या चिंचेखाली उभी राहिले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब स्वतः आले. वयस्कर माणूस, माझं लग्न त्यांनीच लावलं. म्हणाले, "माझं चुकलं बाळा. मला सुचायला हवं होतं."

मी म्हटलं, "चुकलं बिकलं ऱ्हाऊ दे साहेब. मला सांगा, माझ्या वाट्याला जे दिलं होतं ते मी पुरून आलेय. ह्या हातांनी माती टाकलीय त्याच्यावर. आता धनी मला काय म्हणणार? आळशी म्हणणार?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही."

तेवढं एक उत्तर मला त्या आठवड्यात खरं वाटलं. बाकी सगळे माहीत असल्यासारखं बोलत होते.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. जावळावरून हसणारी तीच सिस्टर. आवाज दबका. म्हणाली, "ताई, विचारू की नको असं झालंय. आमच्याकडं शाहूवाडीकडचं एक बाळ आलंय. दिवस भरायच्या आधीच झालं. त्याच्या आईला बाळंतपणात झटके आले, ती मोठ्या दवाखान्यात आयसीयूत आहे. डब्याचं दूध त्याला पचत नाही, पोट फुगतंय. डॉक्टर म्हणाले, आईचं दूध मिळालं तर वाचेल, नाहीतर अवघड आहे. तुमच्या रक्ताचे रिपोर्ट आमच्याकडं आहेतच, सगळं नीट आहे."

मला आधी कळेच ना ती काय मागतेय. कळलं तेव्हा माझा तोल गेला. "मी काय म्हैस हाय का?" म्हटलं. "माझं पोर तुमच्याकडं मेलं आणि तुम्ही मला धार काढायला बोलावताय?" फोन आपटला. आई स्वयंपाकघरातून आली, तिलाही बोलले. तिचा काय संबंध होता? पण ती समोर होती.

दुपारी शेजारच्या घरातलं लेकरू भुकेनं रडायला लागलं. त्याचं रडणं ऐकलं आणि माझ्या छातीतून आपोआप धारा लागल्या. मी रागात होते, मला नको होतं, तरी लागल्या. शरीर मला विचारतच नव्हतं. तशीच पदरानं अंग पुसत बसले आणि डोक्यात त्या फुगलेल्या पोटाचं चित्र यायला लागलं. माझ्या पोराला वाचवायला जगात काहीच नव्हतं. डॉक्टर स्वतः म्हणाले होते, काहीच नाही. आणि ह्या पोराला वाचवणारी गोष्ट मी मोरीत सोडत होते. साडी बदलली आणि रिक्षा केली.

दवाखान्यात शिरले. तीच फिनेलचा वास येणारी फरशी, तीच निळी खुर्ची. सिस्टरनं मला आतल्या खोलीत नेलं, हात धुवायला लावले, उकळलेली बाटली दिली. दूध काढून मी बाहेर आले तर दाराशी एक म्हातारी उभी. नऊवारी, कपाळावर गोंदण, पायात मातीनं माखलेल्या चपला. बाळाची आजी. सिस्टरनं तिला सांगितलं, ह्या ताई दूध देतायत.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्येंचं लेकरू कुठं हाय?"

मीच सांगितलं.

म्हातारी एक पाऊल मागं सरली. "न्हाय न्हाय. त्ये दूध न्हाय चालायचं. त्येच्यावर गेलेल्या लेकराचा हक्क हाय. आमच्या पोरानं त्ये प्यालं तर त्ये लेकरू आमच्या पोराला बोलवून न्हील. बाई, तुमच्या पाया पडते, पर न्हेऊ नका ते आत."

सिस्टर तिला समजवायला लागली. मी ऐकायला थांबले नाही. बाटली तशीच टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले. रिक्षाही केली नाही. धर्माचं, जातीचं काही बोलली असती तर मी तिला तिथंच सरळ केली असती, त्याची मला सवय आहे. पण ती माझ्या पोराबद्दल बोलली होती. माझं पोर दुसऱ्याच्या पोराला मारेल असं म्हणाली होती. ज्यानं कुणाचं काही केलं नाही, ज्याला धड रडायलाही मिळालं नाही, त्याला तिनं भूत करून टाकलं. घरी आल्यावर मी कपाटातून त्या गोळ्या काढल्या. पाण्याचा पेला भरला. आणि देवाला मोठ्यांदा म्हटलं, "बघितलंस? वाढव म्हणतोस ना? कुणाला हवंय हे?" नवरा कामावरून आला तेव्हा मी तशीच बसले होते, गोळी हातात, पेला समोर. त्यानं गोळी माझ्या हातातून काढून घेतली नाही. शेजारी बसला. भट्टीतल्या कामानं त्याच्या अंगाला लोखंडाचा वास असतो. म्हणाला, "उद्या घे. आज नको." आम्ही दोघंही रडलो. तोवर तो रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. ती म्हातारी. सिस्टरनं पत्ता दिला होता. जिना चढून दम लागलेला. आत ये म्हटलं नाही तरी आली आणि उंबऱ्याच्या आत खालीच बसली.

"पोराचं पोट लई फुगलंया," म्हणाली. "डाक्टर म्हणतोय आज बघू, उद्या बघू. त्ये असं म्हणाय लागलं की काय असतंय त्ये मला कळतंय." मग तिनं पदरानं घाम पुसला. "पोरी, मी काल बोलले त्ये घाबरून बोलले. पर मला खोटंबी बोलता यायचं न्हाय. भ्याव माझ्या मनात हायच."

माझी आई तावातावानं काही बोलणार होती, मी हातानं थांबवली. म्हातारी पुढं बोलली. त्यांच्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. रेडकू मेलं आणि म्हैस दुभती राहिली तर त्यांच्या घरात रीत अशी की, पहिलं दूध रेडकाला जिथं पुरलं तिथं नेऊन ओतायचं. त्याच्या वाट्याचं त्याला द्यायचं. मग बाकीचं दूध मोकळं होतं, कुणीही प्यावं, कुणाचं वाईट होत नाही. "मी तुला म्हस म्हनत न्हाय बाई," ती म्हणाली. "पर आमाला दुधातलं एवढंच कळतंय. तुझ्या लेकराला आधी दे. मी संगट येते. मग माझ्या लेकराला दे."

मला हसू आलं की रडू ते सांगता येणार नाही. कालच मी सिस्टरशी, मी काय म्हैस आहे का, म्हणून भांडले होते. आई मात्र खवळली. "आपल्यात असलं काही करत नाहीत. मेलेल्यांना नैवेद्य दाखवायला आपण काय अंधारात आहोत? पाळकसाहेबांना कळलं तर काय म्हणतील?" म्हातारी तिच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडंच बघत होती.

मी पाळकसाहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. विचारलं, हे पाप आहे का? ते म्हणाले, "बाळ वाचण्यासाठी वेळ किती आहे?" मी म्हटलं, माहीत नाही, फार नाही. ते म्हणाले, "मग मला विचारत बसू नकोस. मी फाटक उघडायला सांगतो."

दफनभूमीत आम्ही तिघी गेलो. आई शेवटी आलीच, तोंड फुगवून, मागं मागं. त्याच्या जागेवर अजून क्रूस बसवलेला नव्हता. ताज्या मातीचा लहानसा उंचवटा आणि वर सुकलेला शेवंतीचा हार. मी घरून वाटीत दूध काढून आणलं होतं. म्हातारीनं लांब उभं राहून पदर डोक्यावर घेतला. मी खाली बसले. बसता येत नव्हतं, टाके दुखत होते. वाटी कलती केली. माती एवढी कोरडी होती की दूध लगेच आत गेलं.

मला प्रार्थना म्हणायची होती. शब्द आले ते असे: "बाळा, हे तुझंच होतं. मला देता आलं नाही. आता मी हे दुसऱ्याला देऊ का?" त्याला काहीतरी विचारलं, आई आपल्या मुलाला विचारते तसं, हे आयुष्यात एकदा तरी मला करता आलं. आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली. म्हातारीनं लांबूनच हात जोडले.

तिथून थेट दवाखान्यात. त्या दिवसापासून मी सकाळ-दुपार-संध्याकाळ जाऊ लागले. आधी नळीतून थेंब थेंब, मग बोंडल्यानं. सिस्टर येऊन सांगायची, पचलं. पोट उतरलं. शी झाली. परक्या पोराच्या शीच्या बातमीनं माझा दिवस जायचा. काचेपलीकडून त्याला मी बघत नसे. मुद्दाम. एवढंसं तोंड दिसलं असतं तर मी काय केलं असतं त्याचा मला भरवसा नव्हता.

मंडळीत ही गोष्ट पसरली. केवढं मोठं दान, म्हणायला लागले लोक. कुणी म्हणालं, बघा, देवाची योजना. त्याचा मला संताप यायचा. एक पोर जगवायला दुसरं मारावं लागतं असली योजना असेल तर मला त्या योजनेतून नाव कमी करून द्या, असं मी सरळ सांगितलं. मी मोठ्या मनाची झाले नव्हते. मला सकाळी उठून जायला एक ठिकाण मिळालं होतं. छातीला भार व्हायचा आणि तो उतरवायला एक तोंड होतं, एवढंच. दिल्यावर दुःख हलकं होतं असं म्हणतात, माझं झालं नाही. घरी परत येताना ते तेवढंच असायचं. पण रोज दूध मात्र यायचंच, काल दिलं त्याच्यापेक्षा आज थोडं जास्त. पाळकसाहेब त्या रविवारी ठेव वाढवण्याबद्दल बोलले होते ते हेच असेल, तर ते मला कधीच सुखाचं वाटलं नाही.

मग एके दिवशी मी दूध काढून बाटली घेऊन खोलीबाहेर आले तर सिस्टर म्हणाली, "ताई, त्याची आई आली आज. तिला थोडं थोडं दूध उतरायला लागलंय." आणि मला दारातून आत दिसलं. निळ्या खुर्चीत एक पोरगी बसली होती, पोरगीच म्हणायची, ओठ फाटलेले, हाताला सुईचे निळे डाग. मांडीवर ते बाळ. मी पहिल्यांदाच त्याला बघितलं. ते आईच्या छातीपासून तोंड फिरवत होतं आणि किंकाळ्या मारत होतं. आजी म्हणत होती, "पाज की, घाबरतीस कशापायी? आई हायस की तू त्येची." पोरगी रडत होती. "घेतच न्हाय ओ त्ये. वळखत न्हाय मला. किती येळ झाला."

सिस्टरनं सगळं करून बघितलं होतं. कुशीची बाजू बदलली, उशी दिली. बाळ दमत चाललं होतं आणि भूक तर लागलेलीच.

आणि मी तिथं उभी राहून मनात काय म्हणत होते ते सांगते. घेऊ नको रे, म्हणत होते. तिचं घेऊ नको. तुला माझीच सवय आहे, तू माझ्याच दुधाचा आहेस. मी नुसती दोन पावलं पुढं गेले असते, पदर सरकवला असता, तर ते माझ्याकडं आलं असतं, ह्याबद्दल मला शंका नव्हती. आजीनं वर बघितलं. तिला ते दिसलं.

मी आत गेले. त्या पोरीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. म्हटलं, "रडू नको. तुला वळखत न्हाय असं न्हाय. चव वळखीची न्हाय एवढंच." बाटलीचं झाकण काढलं. अजून कोमट होतं दूध. तिच्या छातीवर मी बोटानं त्याचे दोन-तीन थेंब सोडले, आणि पोराचं तोंड हातानं धरून तिथं नेलं. त्याची मान माझ्या तळव्यात मावत होती. त्यानं जीभ लावली, थांबलं, परत लावली आणि घट्ट धरलं. पोरगी दचकून "आई गं" म्हणाली आणि मग हसायला लागली, डोळे तसेच वाहत.

थोड्या वेळानं थेंब संपले असणार. तरी त्यानं सोडलं नाही. ते आता तिचं पीत होतं. मी हात काढून घेतला.